नेटिव्ह

बँकेतल्या माणसाला 31 मार्च या दिवशी नातेवाईक नसतात. त्या दिवशी त्याला फक्त ताळेबंद असतो. बायको, मुले, आईवडील ही मंडळी 1 एप्रिलपासून पुन्हा लागू होतात. हा नियम आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. अपवाद एकट्या ताईचा. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, राहते सांगलीला, आणि तिच्या व्याकरणात प्रश्नचिन्ह हा प्रकार नाही.

"चिंगी परत येतेय. रात्री दीडचं विमान आहे. आणायला जा. पाडव्याचं श्रीखंड ठेवलं असशील थोडं, ते दे तिला."

आदल्याच दिवशी पाडवा झाला होता. श्रीखंड शिल्लक नव्हते, पण ते सांगण्याची माझी छाती झाली नाही.

चिंगी म्हणजे आमची भाची. एम.ए. इंग्रजी, पहिला वर्ग. 2024 च्या मे महिन्यात ती थायलंडला इंग्रजी शिकवायला गेली. तिकडे ते 2567 साल होते. थाई लोक बुद्धाच्या निर्वाणापासून वर्षे मोजतात, त्यामुळे ते आपल्यापेक्षा 543 वर्षे पुढे असतात. हे ऐकून भाऊजी म्हणाले, "म्हणजे पेन्शनही आपल्या आधी मिळत असेल." भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, सगळ्या संस्कृतींचा विचार ते पेन्शनच्या अंगाने करतात.

गावाचे नाव नाखोन रात्चासिमा. चिंगीने फोड करून सांगितली, नगर राजसीमा. वारांची नावेही तशीच. वान आथित म्हणजे आदित्यवार, वान चान म्हणजे चंद्राचा वार, वान फुत म्हणजे बुधवार. मास्तरांना ते 'ख्रू' म्हणतात, तो आपला 'गुरू'च. एवढे सगळे आपलेच निघाल्यावर पोरगी परदेशी गेली असे म्हणायलाही संकोच वाटू लागला. नातेवाइकांचे प्रश्न मात्र वेगळे होते. "इंग्रजी शिकवायला थायलंडला? मग इंग्लंडला का नाही?" असे एका काकांनी विचारले. इंग्लंडातल्या लोकांना इंग्रजी येते, हे त्यांच्या ध्यानात आणून द्यावे लागले.

विमानतळावर चिंगी बाहेर आली ती दोन्ही मनगटांवर पांढऱ्या दोऱ्यांच्या जुड्या बांधून. मला वाटले, काही लागलेबिगले.

"मुलांनी बांधलेत, मामा. निरोपाचे. निदान तीन दिवस तरी काढायचे नसतात."

"मग आज कितवा दिवस?"

"पाचवा," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. टॅक्सी अजून सुरूही झाली नव्हती. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते.

ऐरोली मागे पडल्यावर तिने सांगितले. "करार वाढवला नाही त्यांनी. पुढच्या वर्षासाठी नेटिव्ह मिळाला."

मी सकाळी आठपासून आकडे जुळवत होतो. त्या गुंगीत मला वाटले, तिथला कोणी थाई मास्तर मिळाला. मी समजूत घालायला लागलो, "बरोबरच आहे बाई. तिथल्या नेटिव्हला आधी संधी दिली पाहिजे. भूमिपुत्र वगैरे..."

"मामा, नेटिव्ह म्हणजे इंग्रज!"

माझी झोप उडाली ती अजून पुरती आलेली नाही.

वाचकहो, मी बी.कॉम. आहे. इतिहासाशी माझा संबंध परीक्षेपुरता. पण नेटिव्ह म्हणजे कोण, हे मुंबईच्या कॉमर्सवाल्याला सांगावे लागत नाही. दलाल स्ट्रीटवर जो शेअर बाजार आहे, त्याचे 1875 सालातले मूळ नाव 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन'. आमच्या लोकांसाठी शिक्षणसंस्था निघाली, तिचे नाव नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी. पलटणी नेटिव्ह इन्फन्ट्री. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी 1864 साली पत्र काढले ते 'नेटिव्ह ओपिनियन'. आमचे पूर्वज राहत ते नेटिव्ह टाऊन. साहेब राहायचा तो कोट. म्हणजे शंभर-दीडशे वर्षे हा शब्द आम्ही अंगावर वागवला. त्यावर थुंकी आमच्या वाट्याची, घाम आमचा, ठिगळे आमची. आणि आता त्या शब्दाला पगारवाढ लागू झाली, तर साहेब म्हणतो, आणा इकडे, तो आमचा आहे! लग्नात भाड्याने दिलेले पातेलेसुद्धा कोणी इतक्या बेशरमपणे परत मागत नाही.

बरे, पगारवाढ किती? बँकेतला माणूस भावनेत फार वेळ थांबत नाही. मी टॅक्सीतच हिशेब मांडला. चिंगीला महिना 22,000 बाट. त्याच शाळेत, त्याच वर्गांना, तेवढेच तास शिकवणाऱ्या नेटिव्हला 36,000. फरक 14,000. अकरा महिन्यांचा करार, म्हणजे 1,54,000 बाट. बाटाला दोन रुपये चाळीस पैसे धरले तरी 3,69,600 रुपये. एवढी रक्कम निव्वळ जन्म चुकीच्या दवाखान्यात झाल्याबद्दल! आमच्या बँकेत एवढ्याची अफरातफर झाली असती तर चौकशी बसली असती. तिथे त्याला वेतनश्रेणी म्हणतात.

शिवाय व्हिसासाठी इंग्रजी येत असल्याचा पुरावा चिंगीने द्यायचा. टोइक नावाची परीक्षा असते, तीत तिला 990 पैकी 965 मिळाले. नेटिव्हाला परीक्षा नाही. तो जन्मतःच उत्तीर्ण. मी एकदा विचारले, "समजा बसवलंच त्याला परीक्षेला, तर?" ती नुसती हसली. व्याकरणाच्या पदवीधर माणसाने असे हसणे चांगले नव्हे.

तो मुलगा वाईट होता असे मुळीच नाही. लीड्सकडचा, तेवीस-चोवीसचा, क्रीडा व्यवस्थापनाचा पदवीधर. फिरायला आला आणि पैसे संपले म्हणून मास्तर झाला. मुलांबरोबर फुटबॉल खेळायचा, मुले त्याच्यावर जीव टाकायची. चिंगीचा पगार वाढवा, असे त्याने मुख्याध्यापिकेला स्वतःहून सांगितलेही होते. माझे भांडण त्याच्याशी नाही. माझे भांडण त्याच्या पासपोर्टशी आहे. मुले त्याला विचारायची, सर, 'द सन' म्हणायचे, मग 'अ स्टार' का? थाई भाषेत आपल्यासारखीच ही 'अ', 'अॅन', 'द' ची भानगड नाही, त्यामुळे पोरे बिचारी तिथेच अडखळतात. तो डोके खाजवायचा आणि म्हणायचा, "कानाला बरं वाटतं म्हणून!" फारच खनपटीला बसली तर म्हणायचा, "त्या इंडियन टीचरला विचारा." मग मुले इंडियन टीचरकडे जायची, आणि महिनाअखेरीला 36,000 कानाच्या मालकाकडे जायचे.

आणि हे फक्त जन्माचे असते तरी मी नशीब म्हणून सोडून दिले असते. शाळेत पालकांना बोलावण्याचा दिवस होता. दरवाज्यावर मोठा फलक, त्यावर परदेशी शिक्षकांचे फोटो. पुढे लीड्स. त्याच्या शेजारी सोनेरी केसांच्या एक बाई. त्या बल्गेरियाच्या. आपल्या प्रश्नपत्रिका त्या आदल्या रात्री चिंगीकडून तपासून घेत. त्या दिवशी मात्र पालकांना त्यांची ओळख 'युरोपच्या टीचर' अशी, आणि युरोपात इंग्लंड येतेच! चिंगी आणि तीन फिलिपिनो शिक्षिका फलकावर नव्हत्या. त्यांना सरबताच्या टेबलापाशी उभे केले होते.

गोऱ्या परदेशी माणसाला थाईमध्ये 'फारांग' म्हणतात. पेरूलाही फारांगच म्हणतात. आपल्यासारख्यांना 'खेक' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ पाहुणा. बँकॉकला सिलोमवर मारिअम्मनचे देऊळ आहे, त्याला लोक पाहुण्यांचे देऊळ म्हणूनच ओळखतात. आता पेरूपेक्षा पाहुण्याचा मान मोठा असायला हवा. पण पाहुण्याला पगारही द्यायचा असतो, हे बहुधा त्यांना मुळातच पटलेले नसावे.

थायलंडवर एकट्यावर राग काढायचे कारण नाही. कोरियाने तर सात देशांची यादीच केली आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. 2010 मध्ये अमलात आलेल्या करारामुळे भारतीयांसाठी एक फट ठेवली आहे, पण तीतून शिरायला इंग्रजीच्या पदवीबरोबर शिक्षकाचा परवाना लागतो, आणि चिंगी बी.एड. नाही. दक्षिण आफ्रिकेत 2011 च्या जनगणनेत घरी इंग्रजी बोलणारे दहांत एकसुद्धा भरले नाहीत. तरी तो देश यादीत आहे. यादी करणाऱ्याने भाषा पाहिली की आणखी काही, हे मी विचारत नाही. आमच्या खात्यात अशा प्रश्नाला 'ऑडिट क्वेरी' म्हणतात, आणि तिचे उत्तर कधी येत नाही.

जोसेफ कॉनरॅड हा इंग्रजीतला केवढा लेखक! जन्माने पोलिश, इंग्रजी शिकला विशीनंतर, आणि बोलताना उच्चार शेवटपर्यंत पोलिश वळणाचे. 1888 साली तो बँकॉकलाच एका जहाजाचा कप्तान म्हणून रुजू झाला. जहाज मिळाले म्हणून बरे. शाळेत गेला असता तर सरबताच्या टेबलापाशी उभा केला असता.

चिंगीच्या बॅगेत पुस्तके होती, ती मी चाळली. फिलिप्सन नावाच्या गृहस्थाने 1992 साली लिहून ठेवले आहे की, 1961 मध्ये युगांडातल्या मकेरेरे येथे इंग्रजीच्या अध्यापनावर एक परिषद भरली, आणि आदर्श इंग्रजी शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा, हा समज तिथे पक्का बसला. हा समज खोटा आहे, असे फिलिप्सनचे म्हणणे. विशेष म्हणजे तो स्वतः ब्रिटिश आहे. नेटिव्हांमधला फितूर म्हणा ना. पुढे 1994 मध्ये मेज्येश नावाच्या एका हंगेरियन प्राध्यापकाने नेटिव्ह नसलेल्या मास्तरांची बाजू घेऊन पुस्तकच लिहिले. टेसॉल ही इंग्रजी शिक्षकांची मोठी अमेरिकन संघटना. तिने 2006 साली ठराव केला की नेटिव्ह आणि बिगरनेटिव्ह असा भेद नोकरी देताना करू नये. ठराव 2006 चा, चिंगीचा पगार 2024 चा. ठराव होऊन गेल्यावर जग पूर्ववत चालू राहते, हे आमच्या युनियनमुळे मला अगोदरपासून माहीत आहे.

आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची पद्धत आहे. ठीक आहे. पण दूध विकायला वाघीणच कशाला हवी? आमच्या गल्लीतला गवळी काय स्वतः दूध देतो? उलट दुधात पाणी किती, ते नासते कधी, कुठल्या भांड्यात ठेवायचे, हे गवळ्याला विचारावे. म्हशीला विचारून काही कळत नाही.

हे मी मोठ्या अधिकाराने बोलतो आहे, कारण मीही एक नेटिव्ह आहे. मराठीचा. आणि माझी काय लायकी आहे ते मला आमच्या शाखेत गेल्या वर्षी कळले.

शाखेत पाटण्याकडचा एक तरुण अधिकारी बदलून आला. हुशार, नम्र. काउंटरवर आजीआजोबा येतात म्हणून त्याने मराठी शिकायचे मनावर घेतले. एक दिवस दुपारी मला म्हणाला, "साहेब, चहा तो का? आमच्यात चाय ती असते."

मी म्हणालो, "चहा तोच असतो."

"आणि कॉफी ती?"

"कॉफी ती."

"दूध ते?"

"अर्थात!"

"का?"

मी कपाकडे बघितले. चाळीस वर्षे मी चहा पितो आहे, त्याच्या लिंगाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. मी म्हणालो, "असंच असतं. कानाला बरं वाटतं." अगदी लीड्सच्या पोराचेच शब्द! फक्त मला त्याबद्दल 36,000 बाट मिळाले नाहीत.

शेजारच्या खिडकीवर आमच्या एक सहकारी बाई आहेत. मूळच्या धारवाडच्या, लग्न होऊन डोंबिवलीला आल्या तेव्हा मराठीचा गंध नव्हता. त्या नोटा मोजता मोजता म्हणाल्या, "अहो, मराठी वळणाचा शब्द 'आ'ने संपला की बहुधा तो. चहा, वडा, डबा. संस्कृतातून आलेला 'आ' असला तर ती. शाळा, भाषा, सभा. 'ई'ने संपला तर बहुधा ती. कॉफी, खुर्ची, भाकरी. पण पाणी आणि लोणी ते. तेवढे पाठ करा." आणि पुन्हा नोटा मोजू लागल्या. आम्ही दोघेही आ वासून बघत राहिलो. हा 'आ' कुठल्या लिंगाचा, ते बाईंनाच विचारायला हवे.

नंतर त्यांनी सांगितले की लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्या सासरी 'माझी डबा' म्हणाल्या होत्या. जेवायला बसलेली अकरा माणसे हसली. त्यानंतर महिनाभर त्या वहीत शब्दांचे तीन रकाने करून बसत. ज्याने नाकातोंडात पाणी घेतले आहे, त्यालाच विहिरीत पायरी कुठे आहे ते ठाऊक असते. काठावर जन्मलेल्या बेडकाला पोहणे कसे शिकवायचे ते काय माहीत?

उच्चारांचे काय, असे मला आमच्या एका मित्राने विचारले. मान्य आहे. चिंगीचे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकत्र कुटुंबात राहतात. कोण कुठे संपला ते कळत नाही. पण ती थाई मुले मोठी होऊन कोणाशी इंग्रजी बोलणार आहेत? 2024 या एका वर्षात वीस लाखांवर भारतीय थायलंडला जाऊन आले. हॉटेलच्या काउंटरवर उभा राहून जो 'वन टी, शुगर लेस, मिल्क मोअर' असे सांगणार आहे, तो ऑक्सफर्डचा नाही, राजकोटचा आहे. त्याच्या मागे रांगेत चिनी आहे, मलेशियाचा आहे, रशियन आहे. जगात इंग्रजी आईकडून मिळालेल्यांपेक्षा मास्तरांकडून मिळालेले लोक कितीतरी जास्त आहेत. सावत्र मुले बहुसंख्य झाली तरी वारसा हक्क सख्ख्याकडेच, असा हा कायदा आहे.

हे सगळे मी घरी जेवताना आवेशाने बोललो. आमच्या सौ.ने ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "पाटण्याचा तो मुलगा अजून मराठी बोलतो का हो?"

घास घशात अडकला. त्याचे असे झाले होते. एक पेन्शनर आजोबा त्याच्या टेबलासमोर बसले होते. तो त्यांना हयातीचा दाखला समजावत होता, मराठीत, जमेल तसा. त्याने 'तुमची दाखला' म्हटले असेल. आजोबा चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "कोणी मराठी माणूस नाही का हो इथे?" आणि मी, कमरेतून वाकून, तोंडभर हसून म्हणालो, "या आजोबा, या, इकडे या!" खुर्चीसुद्धा पुढे केली. त्या क्षणी मला फार बरे वाटले होते, हे खोटे कशाला बोलू. पोरगा काही बोलला नाही. आठवड्याभरात तो पुन्हा हिंदीवर आला. आता मला विचारतो तेही हिंदीत, आणि चहाला चाय म्हणतो.

त्याला मी सरबताच्या टेबलापाशी उभे केले होते. सौ.ने हे शब्द वापरले नाहीत. तिने फक्त आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सोमवारी पहिल्यांदा मी त्याच्या टेबलाशी गेलो आणि मराठीत विचारले, चहा घेणार का. तो म्हणाला, "हाँ, मँगवा लीजिए." एका कपाने फिटणारे हे कर्ज नव्हे. रोज एक हप्ता भरतो आहे. परवा तो 'चहा गरम आहे' म्हणाला. 'गरम'ला लिंग नसते, त्यामुळे त्याने जपून विशेषण निवडले असावे.

राहिले ते चिंगीच्या शाळेचे. तिला मुख्याध्यापिकेने छान पत्र दिले आहे. कष्टाळू, प्रेमळ, मुलांची लाडकी, सगळे लिहिले आहे. राहा असे तेवढे लिहिलेले नाही. मला काही ते सहन होईना. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत भेटायचे (पहिलीपासून 2000 सालापासून आले), पण घरात तर्खडकरांची भाषांतरमाला होती आणि वडिलांनी ती माझ्याकडून दोनदा करून घेतली होती. त्या बळावर मी बँकेच्या भाषेत, त्या मुख्याध्यापिकेला एक खरमरीत पत्र लिहिले. चार पाने. त्यात 1875 चा शेअर बाजार होता, कॉनरॅड होता, बाटांचा हिशेब परिशिष्ट म्हणून जोडला होता. शेवटी 'तात्काळ योग्य ती कार्यवाही व्हावी' हेही इंग्रजीत आणले होते.

चिंगीने पत्र वाचले. मनगटावरच्या दोऱ्यांतला आता एकच शिल्लक होता, तोही मळून तपकिरी झालेला. तिने माझ्या शर्टाच्या खिशातले लाल पेन काढले.

"मामा, पहिल्याच वाक्यात 'द' राहिलाय."

"कुठं?"

"इथं. आणि इथं नकोय, तो काढ."

"का पण?"

तिने खुर्ची ओढली, कागद उलटा केला, एक सूर्य काढला आणि शेजारी पाच-सहा चांदण्या. मग दहा मिनिटे ती समजावून सांगत होती. सूर्य एकच, म्हणून बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांना माहीत कोणता ते. चांदण्या पुष्कळ, त्यांतली कुठलीही एक. पण तीच चांदणी दुसऱ्यांदा बोलण्यात आली की ती ओळखीची झाली, आता तिला 'द'. पंचेचाळीसाव्या वर्षी मला ते प्रथमच कळले.

पत्र अजून पाठवलेले नाही. दुसरे पान तपासून व्हायचे आहे.